आधी उलटून पाहा: हस्तकलेच्या वस्तू कमी खर्चात निवडताना

हस्तकलेची कुठलीही वस्तू समोरून छानच दिसते. ती तशी दिसावी म्हणूनच मांडलेली असते. खरी माहिती असते तळाला, पाठीला आणि आतल्या बाजूला. म्हणून नव्याने खरेदी करणाऱ्याने पहिली सवय लावून घ्यावी ती वस्तू हातात घेऊन उलटवून पाहण्याची. विक्रेत्याला विचारून आणि दोन्ही हातांनी, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट पैशांची. हाताने घडवलेल्या वस्तूची किंमत मुख्यतः आकार, लागलेले तास, रंग-नक्षीचा दाटपणा आणि कच्चा माल यांवर ठरते. बचत करायची तर आकारात आणि नक्षीत करा. लहान वस्तू घ्या, एका रंगातली घ्या, मोकळ्या नक्षीची घ्या. भाजणी, लाकडाची वाळवण, सांधे आणि ओतकाम यांत कारागिराने काटकसर केलेली वस्तू मात्र घेऊ नका. कमी नक्षीची वस्तू वीस वर्षं टिकते. अर्धवट भाजलेली किंवा ओल्या लाकडाची पहिल्या पावसाळ्यातच खरं रूप दाखवते. आणि लहान म्हणजे दुय्यम असं मुळीच नाही. मोहेंजोदारोची प्रसिद्ध कांस्य नर्तकी जेमतेम १०.५ सेंटिमीटर उंच आहे.

पायरी १: आधी टेप, मग पाकीट

घरातून निघण्यापूर्वी जागा ठरवा आणि मोजा. "आवडलं तर घेऊ, कुठेतरी ठेवू" यातून आलेल्या वस्तू बहुधा कपाटाच्या वर जाऊन बसतात.

भिंतीसाठी: चित्राचा किंवा लोंबत्या वस्तूचा मध्यबिंदू जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर आला की उभ्याने पाहताना मान वर-खाली करावी लागत नाही. सोफ्याच्या किंवा दिवाणाच्या वर लावायचं असेल तर पाठीपासून १५ ते २० सेंटिमीटर जागा सोडा आणि वस्तूची (किंवा समूहाची) रुंदी खालच्या फर्निचरच्या साधारण दोन तृतीयांश ठेवा. त्या मापाचा जुना वर्तमानपत्राचा कागद कापून चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. कागद खुपत असेल तर वस्तूही खुपेल.

फळीसाठी: दोन फळ्यांमधल्या उंचीच्या दोन तृतीयांशापर्यंतची वस्तू ठीक दिसते आणि पुसायला उचलताही येते. बैठक फळीच्या कडेपासून किमान ५ सेंटिमीटर आत राहायला हवी.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे एका मोठ्या वस्तूच्या पैशात आठ-दहा छोट्या वस्तू घेणं. तीन मीटरवरून पाहताना ८-१० सेंटिमीटरच्या वस्तू एकेक नजरेत भरत नाहीत, फक्त गर्दी दिसते. अशा छोट्या वस्तू लिहिण्याच्या टेबलावर, पलंगाशेजारी, जिथे आपण जवळ असतो तिथे शोभतात.

पैशांची विभागणीही आत्ताच करा. ठरलेल्या रकमेचे दहा भाग केले तर सहा भाग एका मुख्य वस्तूला, दोन छोट्या सोबत्यांना आणि दोन चौकट, खिळे-हूक, वाहतूक यांना. शेवटचे दोन भाग हमखास विसरले जातात. कागदावरच्या किंवा कापडावरच्या कामात तर चौकट चित्रापेक्षा महाग पडू शकते. त्यावर सोपा उपाय म्हणजे तयार चौकटीच्या मापाचं काम निवडणं: ए-फोर म्हणजे २१ × २९.७ सेंटिमीटर, ए-थ्री म्हणजे २९.७ × ४२ सेंटिमीटर. यापेक्षा लहान चित्र असेल तर भोवती कोऱ्या पुठ्ठ्याची पट्टी ठेवून ते याच चौकटीत बसवता येतं.

पायरी २: हाताचं काम नेमकं कुठे झालंय ते शोधा

"हँडमेड" हा शब्द फार सैल वापरला जातो. साच्यातून काढलेली आणि फक्त हाताने रंगवलेली वस्तूही या नावाखाली विकली जाते. त्यात फसवणूकच असते असं नाही; साचाही कोणीतरी घडवलेला असतो आणि रंगकाम खरंच हाताचं असू शकतं. पण किंमत त्यानुसार असायला हवी. म्हणून प्रश्न तीन भागांत विचारा: घडवलं कसं? भाजलं किंवा ओतलं कसं? रंगवलं कसं? ज्याला काम माहीत आहे तो या तिन्हींची वेगवेगळी उत्तरं देतो. "सगळं हातानेच" एवढंच उत्तर आलं तर स्वतः तपासायला लागा.

सर्वांत भरवशाची तपासणी म्हणजे एकाच नमुन्याच्या दोन वस्तू शेजारी ठेवणं. नक्षीतलं एक पान, एक डोळा, एक वळण निवडा आणि दोन्हीकडे ताडून पाहा. हाताच्या कामात रेषेची जाडी, अंतर, शेवट कुठेतरी बदलतोच. दोन्हीकडे तोच ओघळ आणि तोच "दोष" त्याच जागी दिसला तर तो छापलेला आहे.

रंगकामासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. फोनचा कॅमेरा जवळ नेऊनही बऱ्याचदा भागतं. छापील रंगात बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. कुंचल्याच्या कामात रेषेच्या सुरुवातीला रंग दाट, शेवटाला विरळ आणि कडेला थोडा साचलेला दिसतो.

पायरी ३: माल ओळखा, मग दोष शोधा

माती. कमी खर्चात सर्वांत जास्त निवड इथेच मिळते आणि फसायलाही इथेच होतं. चाकावर केलेल्या भांड्याच्या आत बोटांच्या गोल गोल कड्या जाणवतात. तळ न घासलेला असेल तर दोऱ्याने कापल्याच्या कमानीसारख्या खुणा दिसतात. साच्यातल्या भांड्याला बाहेरून उभी शिवण असते, निदान तिची घासलेली सरळ खूण असते, आणि बाहेर फुगवटा तिथे आतही तसाच खळगा असतो.

भाजणी तपासायला भांडं बोटांच्या टोकांवर सैल धरा आणि नखाने काठाजवळ टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर भाजणी नीट आहे आणि तडा नाही. बद्द आवाज आला तर दोन कारणं संभवतात, कच्ची भाजणी किंवा न दिसणारी चीर. घट्ट धरलेलं भांडं मात्र चांगलं असूनही बद्द वाजतं, आणि जाड भरीव मूर्तीला ही कसोटी लागूच पडत नाही. तिच्या तळाच्या रंग न दिलेल्या भागावर ओलं बोट घासा. बोटाला चिखल लागला तर माती भाजलेलीच नाही, नुसती वाळवून रंगवली आहे. अशी वस्तू कोरड्या काचकपाटात राहू शकते, ओल येणाऱ्या भिंतीजवळ नाही.

साधी लाल माती साधारण १००० ते ११५० अंश सेल्सिअसला भाजतात आणि त्यानंतरही ती सच्छिद्र राहते. स्टोनवेअर (दगडासारखी घट्ट भाजलेली माती) १२०० ते १३०० अंशांपर्यंत जातं आणि पाणी जवळजवळ शोषत नाही. फुलदाणी घेताना हा फरक कामाचा आहे. लाल मातीच्या फुलदाणीत पाणी भरलं की तळाशी ओलावा झिरपतो आणि लाकडी टेबलावर पांढरं वर्तुळ उमटतं. घरी आणल्यावर पाणी भरून कोरड्या वर्तमानपत्रावर २४ तास ठेवा. कागद ओला झाला तर फुलं ठेवायला आत काचेचा पेला बसवा. वस्तू टाकून द्यायचं कारण नाही. झिलईवर बारीक चिरांचं जाळं असेल तर ते दिसायला सुंदर असतं, पण त्यातूनही पाणी झिरपतं. आणि शोभेच्या झिलईदार भांड्यात खाण्यापिण्याचे पदार्थ ठेवू नका. झिलईत शिसं असू शकतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

दोन दोष नवख्यांना माहीतच नसतात. एक, लोणा: काही आठवड्यांत पृष्ठभागावर पांढरी भुकटी येते. मातीतले किंवा पाण्यातले क्षार ओलाव्यासोबत वर येऊन सुकतात. कोरड्या ब्रशने झटका, आणि पुन्हा आला तर वस्तू (रंगवलेली नसेल तर) दोन-तीन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवा; रोज पाणी बदला. दुसरा दोष चुनखडीचा. मातीत चुनखडीचा खडा राहिला तर भाजल्यावर त्याचा चुना होतो, तो हवेतला दमटपणा शोषून फुगतो आणि वरची खपली उडवतो. खळग्याच्या बुडाशी पांढरा ठिपका दिसला की ओळखा. एकच खळगा असेल तर चालून जाईल. तीन-चार असतील तर पुढेही उडत राहतील, अशी वस्तू घेऊ नका.

लाकूड. वस्तू भरीव लाकडाची असेल तर वरचे रेषे कडेवरून वळून बाजूला उतरतात आणि टोकाला त्यांची कापलेली तोंडं दिसतात. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू गोंदासोबत दाबून केलेल्या फळीच्या, कडेला रेषाच नसतात, दाबलेल्या पुठ्ठ्यासारखी एकसंध कड असते. पातळ पापुद्रा चिकटवलेला असेल तर वरचे रेषे कडेशी येऊन अचानक थांबतात. कोरीव काम यंत्राचं असेल तर खोली सगळीकडे सारखी आणि आतले कोपरे गोलसर असतात, कारण फिरतं हत्यार टोकदार कोपरा काढू शकत नाही. पटाशीच्या कामात आतले कोपरे तीक्ष्ण असतात आणि पाठीवर हत्याराचे छोटे सपाट घाव दिसतात. एक कोपरा पाहिला तरी पुरे.

ओल्या लाकडाची वस्तू हाताला थंड आणि मापाच्या मानाने जड लागते. लेथवर केलेल्या गोल वस्तूचा व्यास काटकोनात दोनदा मोजा. १५-२० सेंटिमीटरच्या वाडग्यात २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर घडवल्यानंतर लाकूड सुकून आकसलं आहे. लाकूड वाढीच्या कड्यांच्या दिशेने जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच केंद्राकडच्या दिशेने आकसतं, म्हणून गोलाचा अंडाकार होतो. आकसणं पुरं झालेलं असेल आणि चीर नसेल तर हरकत नाही, उलट काहींना तो अंडाकारच आवडतो. चीर दिसली तर तिच्यात मेण किंवा भुसा भरलाय का ते नखाने पाहा.

१ ते ३ मिलिमीटरची गोल भोकं म्हणजे किडा. वस्तू पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा. बारीक पिठासारखी भुकटी पडली तर कीड बहुधा अजून जिवंत आहे.

पितळ आणि इतर धातू. लोहचुंबक जवळ न्या. चिकटला तर आत लोखंड आहे, वर मुलामा. चिकटला नाही म्हणून पितळच असं मात्र नाही, कारण जस्ताचे मिश्रधातू आणि ॲल्युमिनियमही चुंबकाला दाद देत नाहीत. नुसत्या हाताच्या अंदाजावर जाऊ नका, घनता काढा. घरचा डिजिटल वजनकाटा पुरतो. आधी वस्तूचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा. वस्तू दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूंना टेकणार नाही अशी पाण्यात धरा. आता काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घन सेंटिमीटर वस्तूचं आकारमान. वजनाला त्याने भागा. पितळेचं उत्तर ८.४ ते ८.७ च्या आसपास येतं, जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचं ६.६-६.७, ॲल्युमिनियमचं २.७. म्हणजे ८४० ग्रॅमची वस्तू १०० ग्रॅम दाखवत असेल तर पितळ. पोकळीत अडकलेली हवा आधी हलवून बाहेर काढा, नाहीतर उत्तर कमी येतं.

याला एक अपवाद आहे. मेणाच्या नमुन्यावरून ओतलेल्या पोकळ वस्तूंच्या पोटात काही वेळा मातीचा गाभा तसाच राहू देतात, त्यामुळे घनता कमी निघते. तिथे तळाची भोकं पाहा, माती दिसते. या पद्धतीत मेणाचा नमुना वितळून जातो आणि बाहेरचा मातीचा साचा फोडावा लागतो, म्हणून प्रत्येक नग वेगळा. वाळूच्या साच्यातल्या वस्तूचा आतला भाग खरखरीत आणि बाहेर कानशीचे ओरखडे असतात. दोन्ही पद्धती चांगल्याच. पण एकाच आकाराचे वीस नग तंतोतंत सारखे असतील आणि विक्रेता मेणाची पद्धत सांगत असेल तर त्याला पुढचा प्रश्न विचारा.

पितळेवर पारदर्शक लॅकरचा थर आहे का हेही विचारून घ्या. थर असेल तर पॉलिश लावायचं नाही, फक्त कोरडं पुसायचं. घासलं की थर ठिकठिकाणी उडतो आणि वस्तू डागाळलेली दिसते.

कापड. मागची बाजू बघा, बाकी सगळं तिथेच कळतं. लाकडी ठशाच्या छपाईत ठसा पुन्हा टेकवल्याची जागा दिसते: कुठे रेषा जुळत नाही, कुठे रंग दुहेरी होतो. डिजिटल छपाईची पाठ बहुतेकदा पांढरट असते. हाताच्या भरतकामात मागे गाठी आणि एका फुलावरून दुसऱ्यावर गेलेले धागे असतात. यंत्राच्या भरतकामात मागे एकाच बारीक धाग्याची नियमित वीण. रंग जातो का पाहायला ओलं पांढरं सुती कापड कडेला दहा सेकंद घासा. थोडा रंग उतरला तर भिंतीवर लावायला चालेल, उशीच्या अभ्र्याला नाही.

वेत, बांबू, गवत यांच्या टोपल्यांत कापलेली टोकं आत दडपलेली हवीत आणि तळ सपाट टेकायला हवा. कुबट वास आला तर बुरशी आहे, घेऊ नका. कागदाच्या लगद्याची वस्तू आश्चर्य वाटेल इतकी हलकी असते. जड लागली तर ओली आहे किंवा आत प्लास्टर आहे. फुंकून केलेल्या काचेच्या तळाला धरायची सळई तोडल्याची खूण किंवा ती घासल्याचा गोल भाग असतो. साच्यातल्या काचेला शिवण. दगड हाताला थंड लागतो आणि लवकर गरम होत नाही. दगडाची पूड घालून ओतलेलं रेझिन (कृत्रिम राळ) मात्र वजनाने फसवतं. त्याच्या तळाला हवेचे बुडबुडे शोधा.

हस्तिदंत, कासवाची पाठ, पोवळं यांच्या वस्तू, जुन्या म्हणून सांगितल्या तरी, टाळा. वन्यजीवांच्या व्यापारावरचा साइटिस करार १९७५ पासून लागू आहे आणि अशी वस्तू सीमेवर जप्त होऊ शकते. शिसवी ज्या वंशातलं लाकूड आहे तो डाल्बर्जिया वंशही २०१७ पासून या कराराच्या यादीत आहे. परदेशी न्यायचं असेल तर आधी नियम पाहा.

पायरी ४: कोणता दोष चालेल

किरकोळ दोषांचा माल अनेक कारागीर वेगळा काढून कमी दरात देतात. विचारलं तरच दाखवतात, म्हणून विचारा. झिलईतलं टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, रंगाची छटा जोडीशी न जुळणं, तोंड जरासं वाकडं असणं हे चालतं. काठापासून सुरू झालेली चीर, हलणारा कान किंवा दांडा, डुगडुगणारा तळ, कापडातला तुटलेला ताणा हे चालत नाही, कारण हे दोष वाढतात.

स्थैर्यही तिथेच तपासा. १० सेंटिमीटर बैठकीच्या वस्तूची एक बाजू २ सेंटिमीटर उचला आणि दुसरा हात तयार ठेवा. कलंडायला लागली तर घरात मांजर किंवा मूल असताना ती टिकणार नाही. फुलदाणी असेल तर तळाशी वाळूची पिशवी टाकून हा दोष भरून काढता येतो. भरीव वस्तूला तो उपाय नाही.

ऑनलाइन घेत असाल तर चार गोष्टी मागा: दिवसाच्या उजेडातला फोटो, तळाचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवलेला फोटो आणि ग्रॅममध्ये वजन. मातीच्या वस्तूसाठी टिचकी मारल्याचा छोटा व्हिडिओ मागायला संकोच नको. बांधणी पेटीत पेटी अशी आणि चहूबाजूंनी किमान ५ सेंटिमीटर भर घातलेली असावी. कान, चोच, लांब मान यांना वेगळं गुंडाळायला सांगा. फुटतं ते तिथेच. पार्सल उघडताना व्हिडिओ काढून ठेवा.

पायरी ५: घरी आणल्यावर

लाकूड, बांबू, वेत आणि लोकर यांच्या वस्तू पहिले दोन आठवडे इतर सामानापासून दूर, पांढऱ्या कागदावर ठेवा. कागदावर भुकटी दिसली तर किडा आहे. लहान वस्तू असेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड पृष्ठभागावर दव धरतं. लाखेचा थर, रंगाचा जाड लेप किंवा चिकटवलेले सांधे असलेल्या वस्तूवर हा उपाय करू नका, थर तडकतो. लाखकामाला उष्णता आणि स्पिरिट दोन्ही वर्ज्य: उष्णतेने लाख मऊ पडते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. सॅनिटायझर लागलेल्या हातानेही ती धरू नका.

लाकूड अजून सुकतंय अशी शंका असेल तर दर आठवड्याला वजन करून तारखेसह लिहा. वजन घटत असेल तोवर वस्तू कागदी पिशवीत, पंख्यापासून आणि उन्हापासून लांब ठेवा. सावकाश सुकलेलं लाकूड कमी तडकतं.

भिंतीवर लावताना एका हुकाऐवजी दोन वापरा, साधारण चौकटीच्या रुंदीच्या दोन्ही टोकांपासून एक चतुर्थांश आत. वजन विभागलं जातं आणि चौकट तिरकी होत नाही. जड वस्तूला ६ मिलिमीटरचं छिद्र, त्याच मापाचा प्लास्टिकचा गुट्टा आणि स्क्रू. नुसता खिळा गिलाव्यात सैल होत जातो. कापड किंवा कागद काचेला चिकटू देऊ नका. मधे ३ मिलिमीटर तरी जागा ठेवा, नाहीतर दमट हवेत बुरशी धरते.

उजेडाची जागा शेवटी ठरवा, पण ठरवा. संग्रहालयांत कापड आणि कागद ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आसपासच्या मंद उजेडात ठेवतात. थेट ऊन याच्या शेकडो पट असतं. उडालेला रंग परत येत नाही. म्हणून रंगीत कापड आणि चित्र खिडकीच्या भिंतीवरच, म्हणजे खिडकी ज्या भिंतीत आहे तिच्याच आतल्या बाजूला लावा. समोरच्या भिंतीवर ऊन पडतं, तिथे माती, दगड आणि धातू ठेवा.